विश्लेषण: दोन डिस्क असूनही कारभार ठप्प का होतो? मुद्दाम घडवलेल्या बिघाडातून काय कळतं?

१ ऑक्टोबर २०२०. सकाळचे ७ वाजून ४ मिनिटं. टोकियो शेअर बाजाराच्या ‘ॲरोहेड’ या व्यवहार यंत्रणेतल्या एका स्टोरेज उपकरणाची मेमरी बिघडली. असा बिघाड कधीतरी होणार हे गृहीत धरून तसंच दुसरं उपकरण कायम चालू ठेवलेलं होतं. पहिलं थांबलं की दुसऱ्यानं आपोआप काम हाती घ्यायचं, अशी रचना होती. तसं झालं नाही. ९ वाजता बाजार उघडला नाही आणि दिवसभर शेअर्सचे व्यवहार बंद राहिले. १९९९ मध्ये पूर्ण संगणकीकरण झाल्यापासून टोकियोत संपूर्ण दिवस वाया जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

बँका, रुग्णालयं, शेअर बाजार, सरकारी कार्यालयं सगळीकडे महत्त्वाची माहिती किमान दोन ठिकाणी ठेवलेली असते. पण दुसरी प्रत आहे हे माहीत असणं आणि ती ऐन वेळी चालते हे माहीत असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातला फरक समजून घेण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे: बिघाड मुद्दाम घडवून पाहणं.

मिरर डिस्क म्हणजे काय?

पावती पुस्तकात कार्बन पेपर ठेवून लिहिलं की वरच्या पानावरचं खालच्या पानावरही उमटतं. मिरर डिस्कचं काम असंच चालतं. संगणक जे काही साठवतो ते एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिलं जातं. एक डिस्क बंद पडली तरी दुसरीवर काम सुरू राहतं आणि वापरणाऱ्याला काही जाणवत नाही.

अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या या पद्धतींना ‘रेड’ म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या १९८८ च्या शोधनिबंधामुळे हे नाव रूढ झालं. त्यातला मिररचा प्रकार ‘रेड १’ म्हणून ओळखला जातो.

वापरणाऱ्याला काही जाणवत नाही, हा मिररचा फायदा आहे आणि धोकाही. एक डिस्क महिन्यापूर्वीच बंद पडलेली असू शकते आणि अलर्ट कुणी पाहिला नसेल तर ते कुणालाच कळत नाही. मग दुसरी डिस्क गेली की सगळंच जातं.

टोकियोत नेमकं काय चुकलं?

मेमरी बिघडणं ही चूक नव्हती, यंत्रं बिघडतातच. चूक होती एका सेटिंगमध्ये. या प्रकारच्या बिघाडात आपोआप दुसऱ्या उपकरणाकडे जाण्याची सुविधा बंद होती. हे उपकरण पुरवणाऱ्या फुजित्सू कंपनीच्या माहितीपुस्तिकेनुसार, सेटिंग बंद असली तरी बदल व्हायला हवा होता. मधल्या काळात उत्पादनाची कार्यपद्धती बदलली होती, पुस्तिका मात्र बदलली नव्हती.

मग चाचणी झाली नव्हती का? झाली होती. पण ती दोन उपकरणांमधला संपर्क तुटल्यास काय होईल याची. मेमरी बिघडल्यास काय होईल, हे करून पाहिलेलं नव्हतं.

पुढे दुसरं उपकरण हातानं सुरू करण्यात आलं, तरी बाजार त्या दिवशी उघडता आला नाही. ब्रोकर कंपन्यांनी पाठवलेल्या ऑर्डर तोवर यंत्रणेत शिरल्या होत्या. सगळं नव्यानं सुरू केलं असतं तर त्या ऑर्डरचं काय, हा गोंधळ झाला असता. म्हणजे डिस्क परत आणणं आणि काम परत सुरू करणं हे एकच नसतं. जपानच्या वित्तीय सेवा संस्थेनं ३० नोव्हेंबर २०२० रोजी सुधारणेचे आदेश दिले आणि त्याच दिवशी टोकियो बाजाराचे अध्यक्ष कोइचिरो मियाहारा यांनी राजीनामा दिला.

बिघाड मुद्दाम कसा घडवतात?

पहिली पायरी बॅकअपची. वेगळ्या ठिकाणी प्रत घ्यायची आणि ती उघडून पाहायची. त्यानंतर दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक टिपून ठेवायचे. बिघडलेल्या डिस्कऐवजी चांगली डिस्क बाहेर काढणं ही अशा कामातली नेहमीची चूक आहे.

मग एका डिस्कला सॉफ्टवेअरमधून ‘नादुरुस्त’ ठरवायचं, किंवा यंत्र चालू असताना डिस्क बदलण्याची सोय असेल तर ती सरळ बाहेर ओढायची. लिनक्सवर दोन्ही डिस्क ठीक असतील तर स्थिती दाखवताना ‘यू’ हे इंग्रजी अक्षर दोनदा दिसतं. एक गेली की एका ‘यू’च्या जागी खाली आडवी रेघ येते.

आता तीन गोष्टी तपासायच्या. काम सुरू राहिलं का? अलर्ट योग्य माणसापर्यंत पोहोचला का? आणि एकाच डिस्कवर संगणक बंद करून पुन्हा सुरू होतो का? यातला तिसरा प्रश्न बऱ्याचदा राहून जातो. माहिती दोन्ही डिस्कवर असते, पण संगणक सुरू करणारा छोटा प्रोग्राम काही वेळा पहिल्याच डिस्कवर असतो. ती गेली की माहिती सुरक्षित असूनही यंत्र उठत नाही.

सॉफ्टवेअरमधून दिलेला बिघाड साफसुथरा असतो. खरी डिस्क अनेकदा हळूहळू मरते: कधी वाचते, कधी अडकते, कधी चुकीचं उत्तर देते. म्हणून एकाच प्रकारची चाचणी पुरत नाही. टोकियोचा धडा हाच आहे.

डिस्क परत जोडताना धोका कुठे असतो?

नवी डिस्क लावली की जुनीवरची सगळी माहिती तिच्यावर उतरवली जाते. याला ‘रीबिल्ड’ म्हणतात. यात प्रत कोणत्या दिशेनं जाते हे सर्वात महत्त्वाचं. चुकून मागे राहिलेली डिस्क खरी धरली गेली, तर शिळी माहिती ताज्या माहितीवर लिहिली जाते आणि मधल्या नोंदी नाहीशा होतात.

दुसरा मुद्दा वेळेचा. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी या वेगानं भरायची तर साधारण साडेसात तास लागतात. त्याच वेळी नेहमीचं काम सुरू असेल तर आणखी जास्त. या काळात सगळी भिस्त उरलेल्या एकाच डिस्कवर असते आणि तिचा कोपरा न् कोपरा वाचला जात असतो. बऱ्याचदा दोन्ही डिस्क एकाच दिवशी विकत घेतलेल्या असतात. पहिली थकली असेल तर दुसरीही फार मागे नसते.

रीबिल्ड पूर्ण झाल्याचा संदेश आला की काम संपत नाही. दोन्ही प्रती खरंच सारख्या आहेत का, हे ताडून पाहावं लागतं आणि काही फाइल्स प्रत्यक्ष उघडाव्या लागतात.

मिरर असेल तर बॅकअप कशाला?

कार्बन पेपर चुकीचा आकडाही तितक्याच इमानानं खाली उमटवतो. फाइल चुकून पुसली, तर ती दोन्ही डिस्कवरून जाते. मिरर यंत्राच्या बिघाडापासून वाचवतो, माणसाच्या चुकीपासून नाही.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत दुरुस्ती करताना एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसच चुकून पुसला गेला. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्ती न जुळल्यामुळे बनतच नव्हता, आणि त्याची सूचना देणारे ईमेल नाकारले जात होते. सुमारे सहा तास जुनी एक प्रत हाती होती म्हणून कंपनी सावरली.

दोन्ही प्रती एकाच इमारतीत असतील तर आग दोन्ही नेते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला लिथियम बॅटरीमुळे आग लागली. ६०० हून अधिक सरकारी यंत्रणा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइल्स ठेवणाऱ्या ‘जी-ड्राइव्ह’ची ८५८ टीबी माहिती बाहेर कुठेही प्रत नसल्यानं नष्ट झाली.

भारतात काय घडलं?

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११.४० वाजता मुंबईतल्या राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईत, व्यवहार थांबले. ते सुरू झाले दुपारी ३.४५ ला. दूरसंचार जोडण्यांमधल्या बिघाडाचा परिणाम स्टोरेज यंत्रणेवर झाला आणि जोखीम तपासणारी व्यवस्था बंद पडली, असं बाजारानं स्पष्ट केलं. चेन्नईत पर्यायी केंद्र तयार होतं, तरी त्या दिवशी कामकाज तिकडे हलवलं गेलं नाही. व्यवहार मध्येच अडकलेल्या गुंतवणूकदारांना मात्र बाजार केव्हा उघडेल याची वाट पाहण्याखेरीज काही करता येत नव्हतं.

त्यानंतर मार्च २०२१ मध्ये ‘सेबी’नं नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत ‘आपत्ती’ जाहीर करायची आणि पर्यायी केंद्राकडे वळायचं. २ मार्च २०२४ च्या शनिवारी एनएसई आणि बीएसईनं खास सत्र घेतलं. पहिला भाग मुख्य केंद्रावरून, दुसरा पर्यायी केंद्रावरून. व्यवहार खरे, पैसे खरे, फक्त बिघाड ठरवून घडवलेला.

छोट्या ऑफिसनं काय करावं?

सीएचं ऑफिस, पतसंस्था, पॅथॉलॉजी लॅब, फोटो स्टुडिओ अशा अनेक ठिकाणी दोन डिस्क लावून दिलेलं एखादं स्टोरेज यंत्र असतं आणि ‘एक गेली तरी काळजी नाही’ असं पुरवठादारानं सांगितलेलं असतं. वर्षातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, बॅकअप घेऊन त्याच पुरवठादाराला समोर एक डिस्क काढून दाखवायला सांगणं योग्य ठरेल. काम सुरू राहिलं, मोबाइलवर अलर्ट आला आणि नवी डिस्क लावल्यावर फाइल्स उघडल्या, तर दावा खरा. यातलं एखादं जरी झालं नाही, तरी ते सुट्टीच्या दिवशी कळलेलं बरं. मार्चअखेरीस किंवा रुग्ण रिपोर्टची वाट पाहत असताना कळलं, तर दुरुस्तीला सवड नसते.