विश्लेषण : बाळाच्या तेलमालिशीचा फायदा मोजायचा कसा?

आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुक असो वा शेजारचे मंचर, बाळंतपण आता रुग्णालयात होते. पण बाळ घरी आले की मालिश करणाऱ्या बाईंना निरोप जातोच. तेलाने बाळाची हाडे बळकट होतात, झोप लागते, वजन वाढते, असे आजी सांगते. डॉक्टर म्हणतात, जपून. दोघांपैकी बरोबर कोण, हे ठरवायला केवळ वजनकाटा पुरत नाही आणि केवळ अनुभवही पुरत नाही. म्हणूनच अशा विषयांत संख्यात्मक आणि गुणात्मक संशोधनाची सांगड घालणारी ‘मिश्र पद्धत’ वापरली जाते. ती नेमकी काय आहे?

दोन पद्धतींत फरक काय?

संख्यात्मक संशोधन ‘किती’ याचे उत्तर देते : वजन किती ग्रॅमने वाढले, किती बाळांना संसर्ग झाला. गुणात्मक संशोधन ‘का’ आणि ‘कसे’ हे शोधते. त्यासाठी सविस्तर मुलाखती, गटचर्चा आणि प्रत्यक्ष निरीक्षण केले जाते. कोणते तेल निवडले जाते, हात किती जोरात चालतो, टाळू भरताना आणि नाका-कानात तेल घालताना काय होते, आईला काय वाटते, निर्णय सासूचा असतो की डॉक्टरांचा, हे प्रश्नावलीतील ‘होय-नाही’च्या चौकटींत मावत नाही.

पुण्या-मुंबईत काय आढळले?

या विषयावरील दोन महत्त्वाचे अभ्यास महाराष्ट्रातील आहेत. दोन्ही २००५ मध्ये ‘इंडियन पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयात १२० नवजात बाळांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला करडईचे तेल, दुसऱ्याला खोबरेल आणि तिसऱ्याला तेलच नाही. पाच मिलिलिटर तेलाने दिवसातून चार वेळा, पाच दिवस मालिश झाली. त्यानंतर रक्ततपासणीत दिसले की, करडईच्या गटात आवश्यक मेदाम्ले वाढली, तर खोबरेलाच्या गटात संपृक्त मेदाम्ले. म्हणजे तेल त्वचेतून शरीरात शिरते.

मुंबईच्या शीव रुग्णालयात खोबरेल, खनिज तेल आणि पावडर अशी तुलना झाली. मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांत खोबरेलाच्या गटात वजनवाढीचा वेग इतर दोन्ही गटांपेक्षा जास्त होता. यातील पावडरचा गट महत्त्वाचा. स्पर्श तिन्ही गटांना मिळाला, त्यामुळे फरक हाताचा की तेलाचा, हे वेगळे काढता आले.

मग आकडे पुरेसे का नाहीत?

मालिश ही गोळी नव्हे. औषधाच्या चाचणीत खरी आणि खोटी गोळी दिसायला सारखी ठेवता येते. मालिश मिळाली की नाही, हे मात्र आईपासून लपवता येत नाही. शिवाय रुग्णालयात शिकवलेला हलका हात आणि घरी न्हाऊ घालणाऱ्या बाईंचा हात सारखा असेलच, असे नाही. सहा महिन्यांखालील निरोगी बाळांच्या मालिशीवरील ३४ अभ्यासांचा कॉक्रेन आढावा २०१३ मध्ये आला. त्यातील बऱ्याच अभ्यासांचा दर्जा कमकुवत असल्याने ठाम निष्कर्ष काढता आला नाही.

उत्तर प्रदेशचा धडा कोणता?

उत्तर भारतात मोहरीचे तेल चोळण्याची रीत आहे. या तेलाने त्वचेच्या संरक्षक थराला बाधा पोहोचू शकते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले होते. मात्र ‘मालिश बंद करा’ असे सांगून कोणी ऐकणार नव्हते. म्हणून संशोधकांनी रीत तशीच ठेवून तेल बदलले. काही गावांत सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावण्यास सांगितले, उरलेल्या गावांत नेहमीची पद्धत सुरू राहिली. सुमारे २६ हजार बाळांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण मृत्युदरात ठळक फरक पडला नाही. दीड किलोपर्यंत वजनाच्या बाळांत मात्र मृत्यू जवळपास निम्म्याने कमी आढळले. लोक काय करतात आणि का करतात, हे आधी समजून घेतले नसते, तर चाचणीची अशी आखणी सुचलीच नसती.

गावात असा अभ्यास कसा होईल?

पहिला टप्पा ऐकण्याचा. माता, आज्या, मालिश करणाऱ्या महिला आणि आशा सेविका यांच्याशी बोलायचे, मालिश प्रत्यक्ष पाहायची. दुसरा टप्पा मोजण्याचा. पहिल्या टप्प्यात जे कळले त्यावरून काय मोजायचे हे ठरवायचे : वजन, त्वचेवरील पुरळ, झोप, शरीराचे तापमान. तिसऱ्या टप्प्यात पुन्हा घरी जायचे. ज्या बाळाचे वजन अपेक्षेप्रमाणे वाढले नाही, त्या घरात काय वेगळे घडले? सांगितलेले तेल खरेच वापरले गेले का?

एक गाव मात्र पुरणार नाही. हजारी साधारण १५ जन्म धरले, तर दहा हजार वस्तीत वर्षाला १५० बाळे जन्मतात. त्यांतील पाचातले एक कमी वजनाचे मानले, तरी ती ३० च भरतात. एवढ्यावर टक्केवारी काढणे धोक्याचे. मुलाखतींसाठी मात्र तीस कुटुंबे पुरेशी ठरू शकतात. मोजणीसाठी तालुका, समजून घेण्यासाठी गाव, अशी विभागणी म्हणूनच सोयीची.

धोके कोणते?

दोन पद्धती एका अहवालात नुसत्या शेजारी ठेवल्या, तर ती सांगड नव्हे. आकडा एक सांगत असेल आणि माता दुसरे, तर ती विसंगती झाकायची नसते, तिचा शोध घ्यायचा असतो. वजन वाढले नाही, तरी ‘बाळ शांत झोपते, मलाही विसावा मिळतो’ असे आई सांगत असेल, तर तोही परिणामच. पण समाधान वाटते म्हणून वजन वाढले, असेही म्हणता येत नाही.

सध्या पालकांनी काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींनुसार, पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला हलक्या हाताने मालिश करण्याचा विचार करता येतो. मुदतपूर्व किंवा कमी वजनाच्या बाळाबाबत मात्र आधी डॉक्टरांना विचारणे इष्ट. नाका-कानात तेल घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाण्याचा आणि संसर्गाचा धोका असतो. बाळाला उघडे ठेवून गार पडू देऊ नये. आणि मालिश करणाऱ्या बाईंना या सूचना द्यायच्या, तर त्यांच्या अनुभवाला मान देऊन द्याव्यात. कारण घरोघरी रोज बाळाला हात लावणारी व्यक्ती तीच आहे.