विश्लेषण : डिझेल व्हॅनचा फिल्टर सारखा चोक का होतो? आणि तो काढून टाकला तर बिघडतं काय?

स्कूल व्हॅन, कंपनीची पिकअप-ड्रॉप किंवा डिलिव्हरीची गाडी चालवणाऱ्यांसाठी डॅशबोर्डवरचा डीपीएफचा पिवळा दिवा म्हणजे डोकेदुखी. तो लागला की गाडी उचलत नाही, मायलेज पडतं आणि गॅरेजमध्ये अनेकदा दोनच पर्याय पुढे येतात : नवीन फिल्टर घाला, नाहीतर आहे तो काढून टाका. पहिला महाग, दुसरा बेकायदा. गंमत म्हणजे बऱ्याच वेळा मूळ बिघाड फिल्टरमध्ये नसतोच.

हा फिल्टर आला कुठून?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशानुसार १ एप्रिल २०२० पासून देशात फक्त बीएस-६ वाहनांची विक्री सुरू झाली. डिझेलमधलं सल्फर ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं आणि डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, बसला. (युरियाची टाकी, म्हणजे डीईएफ, हे वेगळं प्रकरण. ते नायट्रोजन ऑक्साइडसाठी असतं. दोन्हींचा घोळ सर्रास होतो.)

आतून हा फिल्टर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा असतो. धूर सच्छिद्र भिंतींमधून जातो, काजळी मागे राहते. ती साठली की जाळावी लागते आणि त्यासाठी साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. बऱ्याच गाड्यांत इंजिन जादा डिझेल सोडून ही उष्णता तयार करतं. यालाच रिजनरेशन म्हणतात.

इथेच व्हॅनचं दुखणं सुरू होतं. हायवेवर एका लयीत धावणारी गाडी हे काम पंधरा-वीस मिनिटांत उरकते, ड्रायव्हरला कळतही नाही. पण शाळेची व्हॅन दोन किलोमीटर जाते, थांबते, एसी चालू ठेवून गेटवर उभी राहते, मग बंद होते. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधल्या पिकअप गाडीचंही तेच. रिजनरेशन सुरू होतं, अर्ध्यात तुटतं, पुन्हा सुरू होतं. जळायला सोडलेलं डिझेल हळूहळू इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. ऑइल पातळ होतंय आणि इंजिन धोक्यात आहे.

मग बिघाड शोधायचा कसा?

आधी स्कॅनर लावायचा, पण फक्त कोड पुसायला नाही. ‘पी२४६३’ आला तर काजळी जास्त साठली आहे. ‘पी२४५२’ आला तर संशय प्रेशर सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर. हा सेन्सर फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजतो आणि फिल्टर किती भरलाय याचा अंदाज गाडी त्यावरून बांधते. सेन्सर खोटं बोलला तर बरा फिल्टरही भरलेला दिसतो.

याची तपासणी सोपी आहे. इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून स्कॅनरवर दाबाचा फरक पाहायचा. तो जवळपास शून्य हवा. तसा नसेल तर सेन्सर बिघडलाय. इंजिन सुरू करून रेस दिल्यावर आकडा वाढायला हवा. तो हललाच नाही तर सेन्सरची नळी निघालेली किंवा फाटलेली असू शकते, नाहीतर फिल्टर आतून फुटलेला किंवा पोकळ केलेला.

दाब खरोखर जास्त असेल तर पुढचा प्रश्न : काजळी जळत का नाही, की तयारच जास्त होतेय? थर्मोस्टॅट उघडा अडकला तर इंजिन पुरेसं तापत नाही. अनेक गाड्या टाकीत डिझेल कमी असताना किंवा ईजीआरचा कोड असताना रिजनरेशन सुरूच करत नाहीत. इंजेक्टर गळत असेल किंवा टर्बोची नळी लीक असेल तर काजळीच जास्त बनते. अशा गाडीत नवीन फिल्टर घातला तरी तोही चोक होणार.

राख हा मात्र वेगळा विषय. ती इंजिन ऑइलमधून येते आणि जळत नाही. चुकीच्या ग्रेडचं ऑइल वापरलं तर ती लवकर साठते. तेव्हा फिल्टर काढून साफ करणं किंवा बदलणं, एवढंच उरतं.

काढून टाकला तर?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए(४) नुसार गाडीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण पकडणार कोण? पीयूसीमध्ये डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा मोजतात, कण मोजत नाहीत. नव्या इंजिनाचा धूर फिल्टरशिवायही डोळ्यांना फारसा काळा दिसत नाही. सर्वांत बारीक कण या चाचणीत निसटू शकतात. हीच अडचण ओळखून बेल्जियमने २०२२ मध्ये, तर नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ मध्ये वाहन तपासणीत थेट कणांची संख्या मोजायला सुरुवात केली. आपल्याकडे नियम युरोपच्या तोडीचे आणले, पण वापरातल्या गाडीची तपासणी जुनीच राहिली. फिल्टर कापायचा धंदा या फटीवर चालतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणारा घटक ठरवलं आहे. स्कूल व्हॅनच्या एक्झॉस्टशेजारी रांगेत उभी असतात ती लहान मुलं.

ड्रायव्हरला दोष देऊन मात्र काही साधत नाही. हप्त्यावर गाडी घेतलेल्या माणसाची दोन दिवस गाडी उभी राहिली तर कमाई बुडते. शहरातल्या छोट्या फेऱ्यांसाठी डिझेल व्हॅन विकताना शोरूमने हे आधी सांगायला हवं. अशा वापराला सीएनजी जास्त सोयीची. डिझेल घेतलीच असेल तर दिवा लागल्यावर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एका वेगात चालवा. दिवा लाल झाला किंवा गाडीने ताकद सोडली असेल तर तसं न करता थेट वर्कशॉप गाठा.

जुनी बीएस-६ डिझेल व्हॅन घेताय? इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवा. धडधाकट फिल्टर असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघतं. काळंकुट्ट निघालं तर पैसे देण्याआधी गाडी लिफ्टवर चढवायला सांगा.