घर चौघांचं, खातं एकाचं

पालकत्वावर व्याख्यानं देणाऱ्यांत अलीकडे एक नवा पंथ निघाला आहे. या पंथाचे एक प्रवक्ते शाळाशाळांच्या पालकसभांतून हिंडतात आणि घरच्या संगणकावर ‘पेरेंटल कंट्रोल’ लावणाऱ्या आईबापांची खरडपट्टी काढतात. त्यांचा पूर्वपक्ष थोडक्यात असा: कुलूप लावणं म्हणजे मुलावर अविश्वास दाखवणं, मुलं कुठलंही कुलूप उघडतातच, फिल्टर मूर्ख असतात, आणि शेवटी, ‘आपल्याला कुठे कुणी अडवलं होतं?’ उपाय एकच, संवाद. टाळ्या पडतात. पालक हलक्या मनाने घरी जातात, कारण संवाद सवडीने करायचा असतो. सेटिंग मात्र आजच बदलावं लागलं असतं.

शेवटच्या मुद्द्याचा निकाल आधी लावू. आपल्याला कुणी अडवलं नव्हतं, कारण रात्री दूरदर्शनच बंद व्हायचं.

विश्वासाचा मुद्दा मात्र नीट उलगडून पाहायला हवा. प्रवक्त्यांची सगळी भिस्त त्याच्यावर आहे. ठाण्यातल्या किंवा नाशिकमधल्या एखाद्या मध्यमवर्गीय घरातला डेस्कटॉप डोळ्यांसमोर आणावा. २०२० च्या टाळेबंदीत शाळा ऑनलाइन झाली तेव्हा तो घेतला गेला, किंवा माळ्यावरून खाली उतरला. विंडोज बसवताना जे पहिलं खातं तयार होतं ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं, म्हणजे सर्वाधिकार असलेलं. ते बाबांच्या नावाने निघालं आणि त्यानंतर दुसरं खातं काढायचं कुणाच्या मनातही आलं नाही. त्याच एका खात्यावरून आई विजेचं बिल भरते, दादा प्रोजेक्ट करतो, आजोबा कीर्तनं ऐकतात आणि तिसरीतली धाकटी चित्रं रंगवते. पासवर्ड असलाच, तर तो सगळ्यांना पाठ असतो.

आता या खात्यात काय काय साठतं ते पाहा. पत्त्याच्या पट्टीत धाकटीने एक अक्षर टाईप केलं की ब्राउझर पुढची अक्षरं स्वतःच पुरवतो, आणि ती बाबांच्या सवयीची असतात. यूट्यूब शिफारशी करतं ते त्या खात्यावर आधी काय पाहिलं गेलं त्यावरून. बाबांनी रात्री खुनांच्या तपासाच्या तीन चित्रफिती पाहिल्या असतील, तर सकाळी बालगीत शोधायला बसलेल्या पोरीसमोर पहिल्या रांगेत चौथी हजर असते. शेजारच्या टॅबमध्ये व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडंच असतं. त्यात बाबांच्या शाळेतल्या दहावी ‘ब’चा ग्रुप असतो, आणि त्या ग्रुपमध्ये मध्यरात्री पडणारे विनोद पालकसभेत वाचून दाखवण्याची प्रवक्त्यांचीही छाती होणार नाही. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये आईचे वैद्यकीय अहवाल, काकांच्या घटस्फोटाचे कागद आणि पगारपत्रक सुखाने एकत्र नांदत असतात.

यातली एकही गोष्ट मुलीने शोधलेली नाही. तिने काही फोडलं नाही, काही लपवलं नाही. तिच्यावर विश्वास ठेवायचा? खुशाल ठेवावा, पूर्ण ठेवावा. ती त्याला पात्र आहे. पण प्रश्न तो नाहीच. बाबांच्या रात्री साडेअकरानंतरच्या आवडीनिवडींवर आठ वर्षांच्या मुलीने विश्वास टाकावा का, हा आहे. त्यावर प्रवक्त्यांकडे उत्तर नाही. त्यांच्या कल्पनेतला संगणक एकट्या मुलाचा असतो. चौघांचा संगणक त्यांनी विचारातच घेतलेला नाही.

कायदाही इथे हतबल होतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे. त्याच्या माहितीवर प्रक्रिया करण्याआधी पालकांची पडताळणीयोग्य संमती हवी, त्याच्या वागण्याचा माग काढायचा नाही, त्याला नेमून जाहिराती दाखवायच्या नाहीत, अशी तरतूद त्यात केली आहे. सूट आणि अपवाद आहेत, ते असोत. पण ज्या खात्यावर जन्मसाल १९७९ नोंदवलेलं आहे, त्यावर कुणी तिसरीतली मुलगी बसली आहे हे कंपनीला कसं कळावं? संसदेने मुलीसाठी उभारलेलं कुंपण तिच्या बाबांच्या आळसापुढे गळून पडतं. त्याला विश्वास म्हणण्याइतका मोठेपणा प्रस्तुत लेखकाच्या अंगी नाही.

आणखी एक. सर्वाधिकाराच्या खात्यावर मुलाने ‘फुकट गेम’ म्हणून काहीही उतरवलं, तर विंडोज फार तर एक चौकट दाखवून हो की नाही विचारतं. दहा वर्षांचं कुठलंही मूल तिथे हो म्हणतं. मोठी माणसंही न वाचता हो म्हणतात. साध्या खात्यावर तीच चौकट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागते आणि प्रकरण तिथेच थांबतं. ज्या ब्राउझरमध्ये नेटबँकिंगचा पासवर्ड जपून ठेवला आहे, त्याच ब्राउझरवर पोराला अनोळखी गेम उतरवू देणारे गृहस्थ कचेरीत काय करतात? हिंजवडीतल्या कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्ह चालत नाही, नवं सॉफ्टवेअर टाकायचं तर आयटी विभागाला तिकीट टाकावं लागतं. तिथे कुणी ‘माझ्यावर विश्वास नाही का’ म्हणून राजीनामा दिल्याचं ऐकिवात नाही. तिथे ते धोरण असतं आणि घरी आलं की दडपशाही होते.

रेशनकार्ड घराचं एक असतं, पण आधार प्रत्येकाचं वेगळं. त्याने घर फुटत नाही.

इथे सायबर कॅफेची जुनी भांडणं आठवल्याशिवाय राहत नाहीत. पंचवीस वर्षांपूर्वी गल्लोगल्ली कॅफे निघाले, लाकडी खोपटी उभी राहिली, आणि मुलं तिथे जाऊन काय करतात यावर वर्तमानपत्रांतून पत्रांचा पाऊस पडला. एक बाजू म्हणे, कॅफे बंद करा. दुसरी म्हणे, ज्ञानाची दारं बंद करू नका. अखेर केंद्र सरकारने २०११ मध्ये सायबर कॅफेसाठी नियम केले. खोपट्याची भिंत साडेचार फुटांहून उंच नको. उघड्यावरच्या संगणकाचे पडदे सर्वांना दिसतील असे हवेत. अल्पवयीन मुलाला पालकाशिवाय खोपट्यात बसू द्यायचं नाही. नियम आले तोवर मोबाईल आणि स्वस्त ब्रॉडबँड येऊ लागले होते; कॅफे ओस पडले, काहींची झेरॉक्सची दुकानं झाली. तेव्हा साडेचार फुटांच्या भिंतीवर तावातावाने बोलणाऱ्या पिढीनेच पुढे आपल्या मुलांना दार लावता येणाऱ्या खोल्या आणि त्यात लॅपटॉप दिले. त्या दाराची उंची कुणी मोजली नाही. ‘संगणक हॉलमध्ये ठेवा’ हा त्या काळचा सल्ला चांगला होता, पण तो डेस्कटॉपपुरता. लॅपटॉपला पाय फुटतात.

पुन्हा मुद्द्यावर. मुलं कुलूप उघडतात, हे प्रवक्त्यांचं दुसरं अस्त्र. दाखला म्हणून ते हटकून ऑस्ट्रेलियाचा देतात, आणि दाखला खरा आहे: २००७ मध्ये तिथल्या सरकारने सुमारे ८.४ कोटी डॉलरच्या योजनेतून घरोघरी फुकट फिल्टर दिले आणि मेलबर्नच्या सोळा वर्षांच्या एका मुलाने अर्ध्या तासात त्याला बगल दिली. पडद्यावरचं चिन्ह तसंच राहिल्याने पालकांना फिल्टर चालूच वाटत राहिला असता. सोळा वर्षांच्या मुलाने फिल्टर चुकवला म्हणून आठ वर्षांच्या मुलीला सर्वाधिकाराच्या खात्यावर बसवायचं, हे तर्कशास्त्र कुठल्या शाळेत शिकवतात?

फिल्टर मूर्ख असतात, हे मात्र मान्य. इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइनवर खातं काढता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात चार अक्षरांची एक शिवी दडलेली होती. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या फिल्टरांनी लैंगिक शिक्षण देणारी आणि अत्याचारग्रस्तांना मदत करणारी काही संकेतस्थळंही अडवली. ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं, की घरगुती फिल्टरांमुळे किशोरवयीन मुलांच्या नजरेस अश्लील मजकूर पडण्यात सांगण्यासारखा फरक पडत नाही. प्रवक्त्यांनी हा अभ्यास वाचला असता तर त्यांचं भाषण आणखी रंगलं असतं. पण हे सगळे पुरावे फिल्टरविरुद्धचे आहेत. खातं वेगळं करण्याविरुद्ध त्यांतला एकही नाही. प्रवक्ते दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात घालून बडवतात.

संवादाबद्दल एवढंच, की मजकूर दिसून गेल्यानंतरच्या संवादाला घराघरांत उलटतपासणीचं रूप येतं.

मग करायचं काय? फार काही नाही. संगणकावर घरातल्या प्रत्येकाचं स्वतःचं खातं काढावं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातं बाजूला, फक्त नवं काही बसवण्यापुरतं ठेवावं आणि त्याचा पासवर्ड आईबापांपाशी असावा. रोजच्या कामाला बाबांनीही साधंच खातं वापरावं, म्हणजे मुलांना हा नियम आपल्यापुरताच आहे असं वाटत नाही. लहान मुलांचं खातं मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली सेफ्टीला जोडता येतं. त्यात वेळेची मर्यादा घालता येते आणि आठवड्याचा गोषवारा मिळतो. मात्र संकेतस्थळांची गाळणी एज ब्राउझरपुरतीच चालते, हे लक्षात ठेवावं. मॅकवर २०१९ पासून स्क्रीन टाइम आहे. सगळ्या घरासाठी ढोबळ चाळणी हवी असेल, तर राउटरच्या डीएनएसमध्ये १.१.१.३ हा क्लाउडफ्लेअरचा पत्ता घालता येतो. २०२० पासून ही सोय फुकट आहे. चोरून कळा टिपणारी, पडद्याची छायाचित्रं घेणारी हेर सॉफ्टवेअरं मात्र घरात आणू नयेत. जे लावलं ते मुलांना दाखवून लावावं आणि मूल वाढेल तसं सैल करावं. चौदा वर्षांच्या मुलाला आठ वर्षांच्या मुलीचे नियम लावणारे पालकही या लेखकाच्या बाजूचे नाहीत.

एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र ज्यांच्या कपाटात आहे, अशा पालकांना हे काम अवघड जाऊ नये. आज संगणक सुरू केल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन अकाउंट्सचं पान उघडावं आणि आपल्या नावाखाली काय लिहिलं आहे ते वाचावं. तिथे ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ असेल आणि उद्या सकाळी मुलगी त्याच खात्यावर बसणार असेल, तर पालकसभेला जाण्याआधी तिचं खातं काढून घ्यावं.