गोंगाटही हवा
अंध, वयस्कर मित्रासाठी श्रवणयंत्र घ्यायला जावं, तर विक्रेता ‘गोंगाट कापणारं’ महागडं मॉडेल पुढे करतो. पण रिक्षा कुठून येतेय, हे आपल्या मित्राला त्या गोंगाटातूनच कळतं! दिशा कळायला दोन्ही कान लागतात. दोन्हींनी कमी ऐकू येत असेल, तर एका भारी यंत्रापेक्षा साध्या यंत्रांची जोडी बरी. डावं-उजवं सांगणाऱ्या निळ्या-लाल खुणा त्याच्या काय कामाच्या? उजव्यावर बोटाला लागेल असा ठिपका चिकटवा. चिमुकले सेल बदलत बसण्यापेक्षा चार्ज होणारं यंत्र सोयीचं. आधी ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, काढा. अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून यंत्र मोफत मिळतं, तिथंही चौकशी करा. पसंती मात्र त्याचीच. तीही दुकानात नव्हे, भर रस्त्यावर ऐकून.