पैसे त्यांनी द्यायचेत, मग ते आपल्याकडेच का मागतायत?

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेनऊला माझ्या मावशीच्या यजमानांचा फोन आला. "अरे, माझं यूपीआयचं आजचं लिमिट संपलंय. तुझ्या फोनवरून जरा अठ्ठावीस हजार पाठवतोस का? परवा तुला परत देतो. दीड लाख येणारेत मला."

काका बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. कोणाकडे पाच रुपये उसने मागायचे नाहीत असा माणूस. म्हटलं काहीतरी गडबड आहे. "पाठवतो, पण आधी घरी येतो," म्हणालो आणि गाडी काढली.

झालं असं होतं. काकांकडे एका हॉलिडे क्लबची पंचवीस वर्षांची मेंबरशिप आहे. वर्षाला सात दिवस, रेड सीझन. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मॉलमध्ये कूपन भरलं, मग "तुम्हाला गिफ्ट लागलंय, दोघांनी मिळून यायचं" असा फोन, मग हॉटेलात तीन तासांचं प्रेझेंटेशन आणि "ही किंमत फक्त आजच्या दिवसापुरती". तुमच्यापैकी अनेकजण त्या खुर्चीत बसून आले असतील. सुरुवातीची काही वर्षं मजेत गेली. मग मुलगी परदेशात गेली, मावशीचे गुडघे बोलायला लागले, दिवाळीत-मे महिन्यात हवं ते ठिकाण मिळेना. वार्षिक मेंटेनन्स मात्र दरवर्षी न चुकता येतो. वापर शून्य, खर्च चालू.

अशा माणसाला एक दिवस फोन येतो. "सर, तुमचे दोन वर्षांचे दिवस पडून आहेत. आम्ही ते कॉर्पोरेट कंपनीला भाड्याने देतो. गोवा, डिसेंबरचा शेवटचा आठवडा. पार्टी तयार आहे. एक लाख चाळीस हजार." बोलणाऱ्या मुलीला काकांचा मेंबरशिप नंबर माहीत होता, सीझन माहीत होता, किती दिवस शिल्लक आहेत तेही माहीत होतं. विश्वास बसला नसता तरच नवल.

मग पैशांची शिडी सुरू झाली.

पहिली पायरी: लिस्टिंग आणि ॲग्रीमेंट फी, १०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८०० रुपये. रीतसर बिल आलं, त्यावर जीएसटी नंबरही होता. दुसरी पायरी: रिसॉर्टची एनओसी, १७,७०० रुपये. तिसरी: पार्टीने पैसे जमा केलेत, पण त्यावर १० टक्के टीडीएस तुम्ही आधी भरायचा, १४,००० रुपये, "रिफंडेबल". चौथी: रक्कम रिझर्व्ह बँकेत अडकली आहे, क्लिअरन्सचे २८,०००. सोबत रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्र. इथे काकांचं लिमिट संपलं म्हणून मला फोन आला. लिमिट संपलं नसतं तर पाचवी पायरी नक्की होती.

आठ दिवसांत ४३,५०० रुपये गेले. बँकेत नोकरी केलेल्या माणसाचे.

मी हे का लिहितोय? कारण घरी नातेवाइकांत बोललो तर पहिली प्रतिक्रिया काय आली? "बँकेत होते आणि एवढंही कळलं नाही?" माझा राग तिथून सुरू होतो. ही फसवणूक मूर्ख माणसाची होत नाही. ज्याचे पैसे आधीच एका जागी अडकलेत आणि ते थोडेतरी सुटावेत असं वाटतंय, त्याची होते. पहिल्या ११,८०० नंतर माणूस दीड लाखाच्या लोभाने पुढचे पैसे भरत नाही, आधीचे बुडू नयेत म्हणून भरतो. फसवणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. म्हणून पहिली रक्कम लहान असते.

आणि हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. मेक्सिकोत पोर्तो वायार्ता नावाचं समुद्रकाठचं पर्यटनस्थळ आहे. अमेरिकन लोकांनी तिथे टाइमशेअर घेतलेत. त्यांना असेच फोन जातात: भाड्याने देतो, विकून देतो, आधी फी आणि टॅक्स भरा. एफबीआयच्या माहितीनुसार २०१९ ते २०२३ या काळात सुमारे ६,००० अमेरिकन लोकांनी मेक्सिकोशी संबंधित टाइमशेअर फसवणुकीत जवळपास ३० कोटी डॉलर गमावल्याचं नोंदवलं. यामागे हालिस्कोचं ड्रग कार्टेल आहे असं अमेरिकेच्या अर्थखात्याने सांगितलंय आणि त्यातल्या कंपन्यांवर २०२३ पासून निर्बंध घातलेत. तिथेही सरकारी खात्यांच्या नावाने खोटी पत्रं जातात, तिथेही बळी बहुतेक निवृत्त माणसं. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी कुणाकडे कॅनकून किंवा पोर्तो वायार्ताचा टाइमशेअर असेल, तर त्यांनी हे जरूर वाचावं.

आता कामाचं बोलू. मी काकांसोबत बसून जे शिकलो ते सांगतो.

एक. ज्याला आपल्याला पैसे द्यायचेत, तो आपल्याकडे पैसे मागत नाही. दलालाचं कमिशन व्यवहार झाल्यावर, आलेल्या रकमेतून कापलं जातं. घर भाड्याने देताना एजंट काय करतो? भाडेकरू आणतो, करार होतो, मग ब्रोकरेज घेतो. इथे नियम वेगळा का असावा? समोरच्याला एवढंच म्हणा: "तुमची फी भाड्यातून कापून घ्या, उरलेले मला द्या." खरा माणूस विचार करेल. खोटा माणूस "सर, कंपनी पॉलिसी नाही" म्हणेल. तिथेच फोन ठेवा.

दोन. टीडीएस या शब्दाचा अर्थच मुळात कापलेला कर. पैसे देणारा आपल्या रकमेतून कापतो आणि सरकारकडे भरतो, मग तो आपल्या पॅनवर दिसतो. पैसे घेणाऱ्याने आधी टीडीएस भरायचा असा प्रकार अस्तित्वात नाही. काकांना हे माहीत होतं. पण ते म्हणाले, "त्या क्षणी डोक्यातच आलं नाही रे."

तीन. रिझर्व्ह बँक सामान्य माणसाची खाती ठेवत नाही, आपले पैसे अडकवून ठेवत नाही आणि सोडवायची फी घेत नाही. त्या नावाने पत्र आलं की समजायचं, खोटं आहे.

चार. बिलावर जीएसटी नंबर आहे म्हणजे कंपनी खरी असं नाही. जीएसटीच्या पोर्टलवर तो पंधरा अंकी-अक्षरी नंबर टाकून बघा, कुणाच्या नावावर आहे ते फुकटात दिसतं. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. काकांच्या बिलावरचा नंबर खरा होता, पण एका भलत्याच राज्यातल्या हार्डवेअरच्या दुकानाचा. आणि पैसे गेले होते ते एका व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात.

पाच. आपला करार बाहेर काढा. बऱ्याच मेंबरशिपमध्ये आपले दिवस पाहुण्यांना देता येतात, पण पैसे घेऊन भाड्याने देण्यावर बंधनं असतात. म्हणजे समोरचा जे विकतोय ते विकण्याचा हक्क आपल्याकडेच नसू शकतो. करारावर जो नंबर छापलाय त्यावर स्वतः फोन करून विचारा. आलेल्या फोनवरच "कन्फर्म" करून घेऊ नका. ते कॉन्फरन्सवर "क्लबचा मॅनेजर"ही आणून देतात.

सहा. उलट बाजूही आहे. "आमची मेंबरशिप आहे, यंदा जमत नाही, लोणावळ्याची खोली निम्म्या किमतीत देतो" अशा पोस्ट सोशल मीडियावर दिसतात. त्यातले काही खरे असतात. पण ॲडव्हान्स पाठवायच्या आधी रिसॉर्टला थेट फोन करा आणि आपल्या नावावर बुकिंग आहे का ते विचारा. व्हॉट्सॲपवरचं व्हाउचर कुणीही पाच मिनिटांत बनवतो. आणि पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

सात. घाई. "पार्टी आज संध्याकाळपर्यंतच थांबेल." डिसेंबरच्या खोलीसाठी ऑगस्टमध्ये कुणाची संध्याकाळ संपत नसते.

पैसे गेलेच तर? लाजत बसू नका. त्याच क्षणी १९३० वर फोन करा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा, आपल्या बँकेला लेखी कळवा, चॅट आणि स्क्रीनशॉट पुसू नका. आम्ही त्याच रात्री फोन केला. शेवटच्या १४,००० पैकी काही रक्कम गोठवली गेली. आधीचे गेले ते गेले.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. महिन्याभराने काकांना पुन्हा फोन आला. "ग्राहक न्यायालयातून बोलतोय. तुम्हाला फसवणारे पकडलेत. तुमचे पैसे परत मिळणार, फक्त ४,९९९ फाइल चार्ज." एकदा फसलेल्या माणसाचा नंबर या लोकांच्या यादीत वर जातो. ग्राहक आयोग फोन करून फी मागत नाही. खरं तर जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फीच नाही.

इथपर्यंत सावधगिरी झाली. पण सगळी जबाबदारी काकांवर टाकून मोकळं व्हायचं का? माझे दोन प्रश्न आहेत.

पहिला: मेंबरशिप नंबर, सीझन, शिल्लक दिवस ही माहिती त्या मुलीकडे गेली कशी? ही माहिती काका आणि क्लब या दोघांकडेच होती. काकांनी ती कुणाला दिली नव्हती. मग गळती कुठे झाली हे शोधायचं काम कुणाचं? आम्ही क्लबला मेल केला. उत्तर आलं, "आमच्या नावाने येणाऱ्या बनावट फोनपासून सावध राहा." बस, एवढंच.

दुसरा: बाहेर पडायचा सरळ रस्ता का नाही? युरोपियन युनियनचा २००८ चा टाइमशेअरविषयीचा निर्देश आहे. त्यात नवीन घेणाऱ्याला चौदा दिवसांत विनाकारण करार मोडता येतो, आणि त्या काळात आगाऊ पैसे घ्यायला बंदी आहे. शिवाय टाइमशेअर विकून देणाऱ्या एजंटाला प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत एक पैसाही घेता येत नाही. किती साधा नियम आहे! आपल्याकडे टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, पण तो नुकसान झाल्यावर दारात उभा राहायचा. आगाऊ फी घ्यायलाच बंदी असती, तर काकांना पहिल्याच वाक्याला कळलं असतं की समोरचा चोर आहे.

आणि क्लब चालवणाऱ्यांनी स्वतःच नको असलेले दिवस परत घेण्याची, मेंबरशिप दुसऱ्याच्या नावावर करण्याची खिडकी नीट उघडली, त्याचे दर जाहीर केले, तर या भामट्यांचा निम्मा धंदा बसेल. विकताना एसी हॉल, चहा-नाश्ता, तीन तासांचा वेळ. परत करायला गेलं की टोल फ्री नंबरवर गाणं ऐकत बसायचं. ही पोकळी क्लबांनी ठेवली म्हणून त्यात हे लोक शिरले, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाचं वेगळं असेल तर जरूर सांगा.

काका आता बरे आहेत. पहिले पंधरा दिवस मावशीशीही नीट बोलत नव्हते. मीच म्हटलं, तुमची गोष्ट लिहू का? आधी नको म्हणाले. मग दोन दिवसांनी स्वतःच फोन केला. "लिही. नाव घालू नकोस, पण आकडे सगळे खरे लिही. बिलाचा जीएसटी पण."

म्हणून लिहिलं. तुमच्या घरी, सोसायटीत, ज्येष्ठ नागरिक संघात कुणाकडे अशी मेंबरशिप असेल तर त्यांना हे वाचून दाखवा. नुसतं फॉरवर्ड करू नका, शेजारी बसून वाचून दाखवा. आणि कुणी सांगितलं की माझे पैसे गेले, तर "तुम्हाला कळलं कसं नाही" हे विचारण्याआधी १९३० लावून द्या.