विस्मृती नेमकी कोणाची?

जुन्या तबकड्यांच्या बाजारात ‘दुर्मिळ’ आणि ‘विस्मृत’ ही दोन विशेषणे बहुधा जोडीने वावरतात. दुर्मिळ म्हणजे मौल्यवान आणि विस्मृत म्हणजे अन्यायग्रस्त, असा एक सोयीस्कर समज त्यामागे असतो. ऑस्ट्रेलियातील जुन्या लोकप्रिय संगीताचा गेली चाळीसएक वर्षे जो पुनर्शोध चालू आहे, त्याकडे पाहिले की हा समज तपासून घ्यावासा वाटतो. प्रश्न संगीताचा असला तरी साहित्याच्या अभ्यासकाला तो परका नाही. विस्मरणात गेलेली पुस्तके कोण शोधतो, का शोधतो आणि शोधल्यावर त्यांचे काय करतो, हाच तो प्रश्न आहे.

आधी एक परिचित उदाहरण घेऊ. सप्टेंबर 1976 मध्ये ब्रिस्बेनच्या ‘द सेंट्स’ या वाद्यवृंदाने ‘आय ॲम स्ट्रँडेड’ हे गाणे स्वखर्चाने काढले. कोणतीही कंपनी उत्सुक नव्हती, म्हणून त्यांनी ‘फेटल’ नावाची स्वतःचीच कंपनी उभी केली आणि 500 प्रती छापल्या. क्वीन्सलँडमध्ये तेव्हा ब्येल्के-पीटरसन यांचे करडे सरकार होते. 1968 ते 1987 असा तो दीर्घ काळ. या 500 प्रतींतल्या काही लंडनला पोचल्या, तेथील नियतकालिकांनी त्यांची वाखाणणी केली, आणि मग ‘ईएमआय’च्या लंडन कार्यालयाने आपल्या सिडनी शाखेला या मुलांशी करार करण्यास सांगितले. ब्रिस्बेनचे गाणे सिडनीला ऐकू आले ते लंडनमार्गे! वसाहतीच्या इतिहासातून आलेल्या आपल्यासारख्यांना या प्रवासाचे नवल वाटू नये.

याच वाद्यवृंदाने 1977 च्या आपल्या पहिल्या संग्रहात ‘वाइल्ड अबाउट यू’ हे जुने गाणे नव्याने गायले. ते मूळचे सिडनीच्या ‘द मिसिंग लिंक्स’चे, 1965 मधले. या ‘मिसिंग लिंक्स’ची एकमेव दीर्घ तबकडी आज संग्राहकांच्या स्वप्नातली वस्तू आहे. बोर्हेसने काफ्काच्या निमित्ताने जो विचार मांडला, की लेखक आपले पूर्वसूरी मागाहून घडवतो, त्याचा इथे प्रत्यय येतो. ‘सेंट्स’ झाले नसते तर ‘मिसिंग लिंक्स’कडे ‘आधीचे’ म्हणून कोणी वळून पाहिले असते का, याची शंकाच आहे.

परंतु प्रत्येकाच्या वाट्याला असे लंडन येत नाही आणि असे वारसदारही लाभत नाहीत. 2000 साली क्लिंटन वॉकर यांचे ‘बरीड कंट्री’ हे पुस्तक आले. ॲबोरिजिनल गायकांच्या कंट्री संगीताचा हा इतिहास. त्याच्या जोडीला माहितीपट आणि गाण्यांचा संग्रहही होता. जिमी लिटल यांचे ‘रॉयल टेलिफोन’ 1963 मध्ये देशभर गाजले होते, तेव्हा हे सारेच अज्ञात होते असे नव्हे. पण त्यांच्या मागेपुढे गाणाऱ्यांची एक संपूर्ण परंपरा होती, आणि तिची नोंद संगीताच्या रूढ इतिहासांत जवळजवळ नव्हती.

त्या परंपरेतील व्हिक सिम्स यांची कहाणी मला फार महत्त्वाची वाटते. सिडनीजवळच्या ला पेरूसचे सिम्स किशोरवयातच रंगमंचावर गात होते. पुढे दरोड्याच्या गुन्ह्यात ते तुरुंगात गेले आणि तिथे गिटार घेऊन गाणी रचू लागले. 1973 मध्ये ‘आरसीए’ने बाथर्स्टच्या तुरुंगातच ध्वनिमुद्रणाची सामग्री नेली आणि साधारण तासाभरात ‘द लोनर’ हा संग्रह मुद्रित केला. त्यातल्या एका गाण्याचे शीर्षकच सांगते, की गाणारा आपल्याच देशात परका आहे. हे मुद्रण झाले ती जागा लक्षात घ्यावी. याच तुरुंगात 1970 मध्ये पहारेकऱ्यांनी कैद्यांना पद्धतशीर मारहाण केली होती, फेब्रुवारी 1974 मध्ये तो दंगलीत पेटला, आणि 1978 च्या नेगल आयोगाच्या अहवालाने त्या मारहाणीवर शिक्कामोर्तब केले. या दोन घटनांच्या मधोमध ही तबकडी उभी आहे. तुरुंग सुधारत असल्याची जाहिरात म्हणून आपला वापर झाला, ही सिम्स यांची पुढची भावना या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते.

तबकडी बाजारातून नाहीशी झाली, म्हणजेच ‘दुर्मिळ’ झाली. 2013 मध्ये ती पुन्हा निघाली. 2014 मध्ये ल्यूक पीकॉक या तरुण गायकाने सोबत्यांसह त्यातली गाणी नव्याने गायली. आता ती ‘हरवलेली अभिजात कृती’ म्हणून गौरवली जाते. गौरव रास्तच आहे. पण चाळीस वर्षे ही कृती हरवली होती ती कोणासाठी? गाणारा माणूस तर तिथेच होता.

बॉब रँडल यांच्या ‘ब्राउन स्किन बेबी’ या गाण्याबाबत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. रँडल स्वतः लहानपणी सरकारी धोरणानुसार आईपासून तोडले गेले होते, आणि गाणे त्याच ताटातुटीचे आहे. अशा ‘चोरलेल्या पिढ्यां’विषयीचा अधिकृत अहवाल 1997 मध्ये आला. रँडल यांचे गाणे त्याच्या सुमारे पाव शतक आधीपासून ज्यांना ठाऊक हवे त्यांना ठाऊक होते. समाज जे विसरला नव्हता, ते केवळ ग्रंथालयात आणि बाजारात नव्हते म्हणून आपण त्याला ‘विस्मृत’ म्हणतो. हा शब्द न ऐकणाऱ्याला मोकळा सोडतो, असा माझा त्याच्यावरचा मुख्य आक्षेप आहे.

याचा अर्थ संग्राहकांना दूषणे द्यावीत असा मुळीच नाही. कॅनबेरा येथील राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालय 1984 मध्ये स्थापन झाले. राष्ट्रीय महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणांची नोंदवही तर 2007 मध्ये सुरू झाली. त्याआधीपासून, 1980 पासून, ‘रेव्हन’ या छोट्या कंपनीने ‘अग्ली थिंग्ज’ मालिकेतून साठच्या दशकातली गाणी पुन्हा उपलब्ध करून दिली होती. संस्था जागी होण्याआधी हौशी माणूस जागा असतो. या बाबतीत आपणही एका ऑस्ट्रेलियन माणसाचे ऋणी आहोत. मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या 1899 ते 1908 या काळातील भारतीय ध्वनिमुद्रणांची तपशीलवार सूची सिद्ध केली. ती 1994 मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढली. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकांची चरित्रात्मक सूचीही त्यांचीच. ज्या कामासाठी आपल्या विद्यापीठांनी माणसे नेमायला हवी होती, ते एका परदेशी छांदिष्टाने केले.

किनियर यांचे काम आदर्श वाटते ते एवढ्यासाठी, की त्यात मालकीची फुशारकी नाही, नोंद आहे: कोण गायले, कधी, कोणत्या क्रमांकाची तबकडी. पुनर्शोधाची कसोटी हीच असावी. शोधणाऱ्याने वस्तूभोवतीचे मौन कमी केले की तिची किंमत फक्त वाढवली? गाणाऱ्याचे नाव, त्याचा मोबदला आणि त्याच्या काळाचा संदर्भ त्याला परत मिळाला का? आणखी एक पथ्य: 500 प्रती निघाल्या म्हणून कोणतेही गाणे थोर होत नाही. दुर्मिळता हा बाजाराचा निकष आहे, समीक्षेने तो उसना घेऊ नये.

आपल्या वर्गांत ‘उपेक्षित साहित्य’ शिकवताना आपण हा शब्द सहज वापरतो. उपेक्षा कोणी केली, हे वाक्याच्या कर्मणी रचनेत लपून राहते. ते वाक्य एकदा कर्तरी करून पाहावे. कर्त्याच्या जागी बहुधा आपलेच नाव लिहावे लागेल.