म्होरक्या कोण?
दोन स्विच दोन केबलींनी जोडले की एक तुटली तरी काम चालू राहील, हा हिशेब बरोबर. पण इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादाच नसते. सगळ्यांसाठी सोडलेली एक फ्रेम या दोन केबलींमुळे तयार झालेल्या फेऱ्यात शिरली की फिरतच राहते, तिच्या प्रती वाढत जातात आणि बघता बघता अख्खं नेटवर्क आडवं होतं. यावर रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना तोडगा काढला, स्पॅनिंग ट्री. स्विच एकमेकांना निरोप धाडून एक म्होरक्या, म्हणजे रूट ब्रिज, निवडतात. त्याच्याकडे जाणारी स्वस्तातली वाट चालू ठेवतात, जादा पोर्ट अडवतात. चालू वाट तुटली की अडवलेलं पोर्ट उघडतं. मूळ पद्धतीत याला 30 ते 50 सेकंद लागतात, आणि तेवढ्यात फोनवर तक्रारी सुरू होतात! खरी गंमत निवडणुकीत आहे: इथे प्राधान्याचा सर्वांत लहान आकडा जिंकतो. प्राधान्य सगळीकडे कारखान्यातून आलेलं 32768 च ठेवलं, तर सर्वांत लहान मॅक पत्त्याचा स्विच गादीवर बसतो, आणि तो अनेकदा कोपऱ्यात धूळ खात पडलेला जुनापुराणाच निघतो. तेव्हा नेटवर्क सांभाळणाऱ्यांनो, मुख्य स्विचचं प्राधान्य आजच 4096 करून टाका.